बरणीतली चौथी चिठ्ठी

प्रिय भाऊजी,

जय भीम.

आज रविवार. कॉलेज बंद आहे आणि मी म्युझियमच्या खोलीत, तुमच्या टेबलापाशी बसून हे लिहितो आहे. किल्ली नव्या सरांनी स्वतः दिली आहे, तेव्हा चोरून आलो असं समजू नका. समोर तुमच्या न्यूटची बरणी आहे. झाकणाभोवतीचं मेण खरवडून काढलं आहे, पण झाकण अजून उचललेलं नाही. या बरणीत एक नवी चिठ्ठी टाकायची आहे आणि ती माझ्याच्याने टाकवत नाही. घरी ताईला एक उत्तर द्यायचं आहे, तेही देववत नाही. दोन्ही कामं एकाच आठवड्यात माझ्यापुढे आली. असल्या वेळी मी तुम्हालाच विचारत आलो. आता कोणाला विचारू? म्हणून हे पत्र.

ताईचं आधी सांगतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, मधुकर नेहमीसारखा उंबऱ्यातच घुटमळतो आहे. ताईला मागणी आली आहे. मूल गावचे देवराव म्हणून आहेत, तिथल्या एका राइस मिलमध्ये फिटर. त्यांची बायको वारली, मूलबाळ नाही. माणूस आपल्यातलाच आहे. आणि ही मागणी घरात कोणी आणली असेल? शेजारच्यांनी नाही, आमच्या कोणा नातेवाइकाने नाही.

तुमच्या आईने आणली.

हे वाक्य लिहून मी उठलो आणि खिडकी उघडली. आता पुढे लिहितो.

तुम्हाला आठवतं का, ही बरणी तुम्ही नागपूरहून कशी आणलीत? तिथल्या जुन्या कॉलेजने जागेअभावी काढून टाकलेल्या सामानात ती होती. एसटीच्या फळीवर ठेवायचा तुम्हाला धीर होईना. धोतराच्या फडक्यात गुंडाळून ती मांडीवर घेतलीत आणि मला शेजारी बसवलंत, म्हणजे गाडी हिसकली तर दुसऱ्या बाजूने मी धरायची. उमरेड गेल्यावर कंडक्टरने फडकं बोटाने बाजूला केलं.

"काय हाये मास्तर? लोणचं का?"

"न्यूट आहे," तुम्ही म्हणालात.

त्याने वाकून बघितलं. "हे त पाल हाये. पाल काऊन घेऊन चाल्ले?"

आणि तुम्ही चालू झालात. पाल नाही. पालीला खवले असतात, याला नाहीत. पाल अंडी कोरड्यात घालते, हा पाण्यात घालतो. हा बेडकाचा नातेवाईक, शेपूट न टाकलेला. सगळी गाडी ऐकत होती. मागच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "बेडकाचा भाऊ म्हना ना सरळ." कंडक्टर म्हणाला, "भाऊ असो का साळा, मांडीवर बसला त हाफ तिकीट नाई लागत." तुम्ही सगळ्यांत मोठ्याने हसलात. मी मात्र भिवापूर येईपर्यंत बरणीचं झाकण धरून होतो. हसताना तुमची मांडी हलत होती.

त्या दिवसापर्यंत मला घरात काय काम होतं? अकरावी अर्धी टाकून ताईच्या मागे तुमच्या घरी राहायला आलेला मुलगा. आमचे आईवडील गेलेले. तुम्ही कधी विचारलं नाही की हा किती दिवस राहणार. उलट माझं अक्षर बघून म्हणालात, "याला लेबलं लिहायला बसवू." मग कॉलेजात परिचराची जागा निघाली, तिथे मला लावलंत. तुम्ही मला एक शब्द तीनदा तपासायची सवय लावलीत. ती आता इतकी अंगात भिनली आहे की घासलेटच्या दुकानावरची पाटीही मी मनातल्या मनात दुरुस्त करतो आणि मग दुकानदाराशी नजर मिळवायची लाज वाटते.

पण या बरणीतल्या तुमच्या पहिल्या चिठ्ठीची चूक तुमचीच होती, ते कबूल करायला हवं. घाईघाईत तुम्ही आपल्या फाउंटन पेनने, निळ्या शाईने चिठ्ठी लिहिलीत आणि बरणीत सोडलीत. दुसऱ्या दिवशी फॉर्मॅलिन निळं आणि न्यूटही निळा. बीएस्सीची मुलं काचेला नाक लावून उभी. एक मुलगा म्हणाला, "सर, ही नवीन जात का?" तुम्ही म्हणालात, "हो, ब्रह्मपुरीची. फक्त आपल्याकडे सापडते." मग सगळं पाणी बदललंत, जाड कार्डावर पेन्सिलने पुन्हा लिहिलंत आणि मला सांगितलंत, "शाई विरघळते मधुकर, पेन्सिल राहते." तीच चिठ्ठी आज काचेतून मला दिसते आहे. ट्रायट्युरस क्रिस्टेटस. तुमचा टी नेहमीसारखा उजवीकडे कललेला.

तिच्या मागे दोन जुन्या चिठ्ठ्या आहेत. सगळ्यात मागची, चहाच्या रंगाची झालेली, तिच्यावर ट्रायटन क्रिस्टेटस. मधलीवर मोल्गे क्रिस्टाटा. मी तेव्हा घाबरून विचारलं होतं, एका बरणीत तीन नावं, तर आत प्राणी नक्की कोणता? तुम्ही म्हणालात, प्राणी एकच. पहिलं नाव दिलं तेव्हा लक्षात आलं नाही की ट्रायटन हे नाव आधीच समुद्रातल्या दुसऱ्याच कोण्या जिवाला देऊन झालं आहे. एक नाव दोघांना चालत नाही, ज्याला आधी दिलं त्याचं. म्हणून याचं काढून घेतलं. मग मोल्गे म्हणू लागले. मग कोणी जुनी कागदपत्रं चाळली, त्याहून जुनं नाव सापडलं, ट्रायट्युरस. नियमाने तेच खरं.

मला ते पटलं नव्हतं. मी म्हणालो, एवढ्या वेळा नाव बदललं तर त्याला काही वाटत नसेल?

तुम्ही म्हणालात, "आमच्या गावाच्या पत्त्यात आधी जिल्हा चांदा लिहायचे. मग चंद्रपूर झालं. आता नदीपलीकडचं म्हणून गडचिरोली. माझी आई त्याच घरात, त्याच चुलीपुढे आहे. तिला विचार, काही वाटलं का."

पुढच्या खेपेला मी खरंच विचारलं. त्या म्हणाल्या, "कागद बदलले बापू. नदी थेच हाये."

मी तेव्हा म्हटलं होतं, मग जुन्या दोन चिठ्ठ्या काढून टाकू. तुम्ही हात धरलात. "जुनी चिठ्ठी टाकायची नाही. उद्या मी चुकलो असं निघालं, तर मागून येणाऱ्याला कळायला हवं की आधीची माणसं काय समजत होती."

भाऊजी, तुम्ही चुकला नाहीत. पण नाव पुन्हा बदललं आहे.

नवे सर भले आहेत. तुमची खुर्ची त्यांनी घेतली नाही, भिंतीकडची दुसरी घेतली. बुधवारी त्यांनी मला बोलावलं. विद्यापीठाची समिती यायची आहे, त्याआधी म्युझियममधली सगळी नावं ताजी करायची होती. त्यांच्याकडे बाहेरून आलेला एक लेख होता. ते म्हणाले, तुरेवाला न्यूट म्हणून जो एक समजत होते, त्याचे चार उपप्रकार मानायचे. आता ते चारही वेगवेगळे, स्वतंत्र मानायला लागले आहेत. मग त्यांनी बरणी उजेडाकडे फिरवली, भिंग घेतलं आणि सगळ्यात मागची चिठ्ठी बराच वेळ वाचली. खालच्या कोपऱ्यात, अगदी बारीक, गावाच्या जागी इटली लिहिलं आहे. मी ते कधी वाचलंच नव्हतं. मला वाटायचं तो डाग आहे.

"इटलीचा असेल तर हा क्रिस्टेटस नाही," सर म्हणाले. "कार्निफेक्स. ही चिठ्ठी नसती तर हे सांगता आलं नसतं."

त्या शब्दाचा अर्थ मी विचारला. लॅटिनमध्ये फाशी देणारा, जल्लाद. भाऊजी, तुमच्या न्यूटला जल्लाद म्हणायचं? त्याचे पाय बघा, लहान मुलाच्या हातासारखे काचेला टेकलेले. सर हसले. म्हणाले, नाव देणाऱ्याच्या मनात काय होतं कोणाला माहीत, पण हेही नाव जुनंच आहे, कोणीतरी पूर्वीच दिलेलं. आता ते पुन्हा वर आलं.

नवी चिठ्ठी मी तीन दिवसांपूर्वीच लिहून ठेवली आहे. पेन्सिलने. तीनदा तपासली, मग सरांना दाखवून चौथ्यांदा. ती बरोबर आहे. आता फक्त टाकायची आहे. जुनी कोणतीही काढायची नाही, सरही तेच म्हणाले. पण नवी चिठ्ठी पुढे येणार, काचेला लागून, आणि तुमची तिच्या मागे जाणार. रोज सकाळी कुलूप उघडल्यावर मी सगळ्यात आधी तुमचं अक्षर बघतो. या खोलीत तुमचं म्हणून तेवढंच उरलं आहे. बाकी बरण्यांवर माझंच अक्षर आहे, तुम्हीच लिहायला लावलंत.

आता तक्रार करायची तर एकच करतो, मग पुन्हा नाही. कॉलेजच्या मुलांना घेऊन अहेरीकडच्या जंगलात प्राणी गोळा करायला गेलात, त्या फेरीला निघताना ताईने तुमच्या पिशवीत मच्छरदाणी घडी करून ठेवली होती. तुम्ही ती काढून खाटेवर टाकलीत आणि त्या जागी रिकाम्या बाटल्या भरल्यात. बेडकांसाठी. मी बघत होतो. तुम्ही म्हणालात, "मच्छर माणसाला चावतो, बेडूक मच्छराला खातो, मी बेडकांच्या बाजूने आहे." मुलं हसली. तुम्ही बाटल्या भरून आणल्यात आणि ताप घेऊन आलात. त्या बाटल्यांवर लेबलं लावायलाही तुम्ही उठला नाहीत. मी लावली. काय लिहायचं ते सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून नुसतं 'बेडूक, अहेरी' असं लिहिलं. नव्या सरांनी परवा ती लेबलं बघितली आणि बाटल्या पुन्हा जागेवर ठेवल्या.

त्यानंतरची दोन वर्षं ताई आणि मी त्या दोन खोल्यांत आहोत. बोलणं कमी झालं आहे. तुम्ही असताना जेवताना किती आवाज असायचा. आता ताटं घासतानाचा आवाजच मोठा वाटतो. ताई शिवणाचं काम घेते. संध्याकाळी मी आलो की ती मशीन थांबवते, मी हातपाय धुतो, ती विचारते, "झालं का?" मी म्हणतो, "झालं." काय झालं ते दोघांनाही माहीत नसतं.

अशात तुमची आई आरमोरीच्या गाडीने आली. पिशवीत जवसाची चटणी आणि डोक्यात ही गोष्ट. पाणीही न पिता म्हणाल्या, "निर्मला, बस. तुयासाठी पोरगा पाह्यला."

ताईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "आई, हे तुम्ही बोलून राह्यल्या?"

"मंग कोन बोलन? तुयी माय हाये का जित्ती?"

"लोक काय म्हणतीन? सासूनंच सुनेले..."

"सून माया पोराची बायको होती तवा होती," तुमची आई म्हणाली. "पोरगा गेला. आता तू मायी सून राह्यली त कोनासाठी राह्यली? मी मेल्यावर तुले सून म्हननारं बी कोनी नाई राहात. मायी लेक म्हनून देतो तुले. लेकीले माय देतेच."

ताई रडली. तुमची आई रडली नाही. त्या पदराने ताईचं तोंड पुसत होत्या आणि मधूनच मला म्हणाल्या, "तू काऊन भिंतीले चिटकून उभा? चाय ठेव."

मी चहा ठेवला. साखर घातली की नाही ते आठवेना म्हणून पुन्हा घातली. कोणीच पूर्ण प्यायलं नाही.

मग गेल्या रविवारी देवराव आले. त्या दिवशी सकाळी शेजारच्या कुसुममावशीने घर आवरायला मदत केली आणि आवरता आवरता भिंतीवरचा तुमचा फोटो उतरवून पेटीवर पालथा ठेवला. म्हणाली, "पाहुने येऊन राह्यले, बरं नाई दिसत." ताईने बघितलं आणि ती कपबश्या पुसत राहिली. मीही बघितलं आणि सतरंजी अंथरली. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली एक फिकट चौकोन उरला.

तुमची आई न्हाणीतून आली आणि थबकली. "माया पोराचा फोटो कोनं काढला?"

कुसुममावशी म्हणाली, "बाई, पाहुन्याले कसं वाटन?"

"पाहुन्याले मालूम हाये तो मेला म्हनून. म्हनूनच त येऊन राह्यला." आणि स्वतः स्टुलावर चढून, गुडघ्यावर हात दाबत, त्यांनी फोटो परत लावला. मी स्टूल धरून उभा होतो. एवढंच मी केलं.

देवराव त्याच फोटोखाली बसले. मोठ्या हातांचा, कमी बोलणारा माणूस आहे. नखांत तेल आहे, ते धुऊनही जात नसावं. त्यांनी वर बघितलं. "सर कायचे होते?"

"बेडकाचे," तुमची आई म्हणाली.

देवरावांना हसावं की नाही ते कळेना. माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "प्राणिशास्त्राचे." ते म्हणाले, "मले मशीनीचं समजते. जीवजंतूचं नाई समजत." त्यात कमीपणा नव्हता आणि ताठाही नव्हता. मला ते आवडलं. आवडू नये असं ठरवून मी बसलो होतो, भाऊजी, तुमच्याशी खोटं कशाला बोलू?

मग त्यांनी ताईला विचारलं, "तुमाले काही इचारायचं हाये?"

ताई म्हणाली, "हा फोटो मी संगं नेईन."

मला वाटलं, आता बोलणं मोडलं. मला हेही वाटलं की मोडलं तर बरं. देवरावांनी पुन्हा वर फोटोकडे बघितलं.

"न्या ना. माया घरी बी एक हाये. बाजूले लावू. खिळा मी ठोकतो."

कुसुममावशी पोहे आणायला आत गेली आणि पोह्यांशिवाय परत आली.

ते गेल्यावर ताईने मला समोर बसवलं. "मधू, तू सांग."

"मी काय सांगू? तुला पटलं ना?"

"मले पटलं. पण तुयी हो पाह्यजे. तू एकटा पडशीन. तू नाई म्हन, मी नाई जात. रागावनार नाई, पुन्हा हा इषय काढनार बी नाई."

म्हणजे सगळं माझ्यावर. माझी बहीणच का असेना, असा डाव टाकायचा असतो का? मी 'नाही' म्हटलं तर ती राहील आणि मी जन्मभर तिच्याकडे बघताना मान खाली घालीन. 'हो' म्हटलं तर ती मूलला जाईल, फोटो मूलला जाईल, शिवणाचं मशीन मूलला जाईल. मग मी घरी आल्यावर "झालं का" कोण विचारणार? मी तिला म्हणालो, आठवडा दे. तो आज संपतो. देवरावांचा निरोप्या उद्या सकाळी यायचा आहे.

आता माझी खरी भीती सांगतो. ताई दुसऱ्या घरची झाली की तुमचं-माझं काय उरतं? ताई होती म्हणून तुम्ही माझे भाऊजी. उद्या मी देवरावांना भाऊजी म्हणणार, म्हणायलाच हवं. एक नाव दोघांना चालत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. ज्याला आधी दिलं त्याचं, हेही तुम्हीच सांगितलं होतं, पण माणसांत तो नियम लागतो का? आणि तुमची आई, त्या माझ्या कोण? बहिणीची पहिली सासू. याला आपल्या भाषेत काही शब्द आहे का? मी खूप शोधला.

या बरणीपुढे बसलं की मला वाटतं, आपल्या दोन्ही जिल्ह्यांत मिळून याचा एकही सोयरा नाही. तुम्ही सांगायचात, आपल्या देशात याच्यासारखा कोणी असेलच तर तो पार दार्जिलिंगच्या डोंगरात, तोही चुलत. तिकडे एकदा जाऊ म्हणाला होतात. मी तेव्हा थंडीसाठी कानटोपी लागेल का, हे विचारून तुम्हाला हैराण केलं होतं.

मी ताईला न्यूट म्हणत नाही. गैरसमज नको. बरणीत बसून असेल तर मीच आहे.

पण गेल्या रविवारचं एक राहिलं. तुमच्या आईला सोडायला मी स्टँडवर गेलो होतो. आरमोरीची गाडी लागायची होती. त्या बाकावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "तू मले काय म्हनतेस रे?"

"म्हणजे?"

"हाक मारताना. इतके साल झाले, तू मले 'अहो' म्हनतेस. नाईतर नुसता खोकलतेस. मी काय बशीचा कंडक्टर हाये?"

खरंच आहे ते. ताई त्यांना आई म्हणते, मी म्हटलं तर आगाऊपणा होईल असं वाटायचं. मावशी म्हणावं तर खोटं वाटायचं. म्हणून आजवर काहीच म्हटलं नाही.

"निर्मला गेल्यावर खाशीन काय?" त्यांनी विचारलं.

"वरण येतं मला. भातही."

"वरनभातावर मानूस जगते का?" त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "माया घरी बी आता कोनी नाई. रातच्याले बोलाले भिंत. धान निंघाले का मी येतो इथी. दोन महिने तुयापाशी, मंग दोन महिने मूलले. पाह्यतो कसं जमते त."

मी म्हणालो, लोक विचारतील, या तुझ्या कोण. मी काय सांगू?

"सांग, किरायानं ठेवली." आणि त्या स्वतःच हसल्या, अगदी तुमच्यासारख्या, खांदे हलवून. गाडी लागली. चढताना पायरीवरून वळून म्हणाल्या, "कोनाचीच सासू नाई मी आता. मोकळी हावो."

गाडी गेल्यावर मी स्टँडवर बसून राहिलो. आठवडाभर तेच डोक्यात आहे. त्यांना मुलगा नाही, सून नाही. मला आई नाही, आणि थोड्या दिवसांत घरात बहीणही नसेल. आम्ही दोघं उरलेले. आणि हे माझ्याआधी त्यांनी ओळखलं होतं. मुलाची बायको दुसऱ्याच्या घरी देऊन, आपल्या घरचं शेवटचं माणूस आपल्या हाताने पाठवून, त्या आणखी मी काय खाणार हे विचारत होत्या. माझ्याकडून एक 'हो' निघत नाही.

भाऊजी, मी आता झाकण उचललं. डोळे चुरचुरताहेत, ते फॉर्मॅलिनने, असं समजा. चिमट्याने नवी चिठ्ठी आत सोडली. ती लगेच बुडाली नाही, थोडी तरंगली, मग न्यूटच्या पाठीवरून घसरून काचेला लागली. बाकीच्या तीन तिच्या मागे आहेत. तुमची चिठ्ठी समोरून दिसत नाही. पण बरणी जराशी फिरवली की कडेने तुमचा कललेला टी दिसतो. समितीला समोरून बघू दे. मी कडेने बघत जाईन.

आता मेण वितळवून झाकण बंद करतो आणि घरी जातो. ताई मशीनवर असेल. तिला आज 'हो' म्हणणार आहे. एकदाच म्हणेन, स्वच्छ, न अडखळता. ती रडली तर मीही रडेन, त्याचं काही वचन देता येत नाही. देवरावांना भाऊजी म्हणायला वेळ लागेल. तेवढा वेळ ते देतील असं त्यांच्या हातांकडे बघून वाटतं.

वचन देतो ते एवढंच. धान निघाले की नदी ओलांडून मी स्वतः जाईन, त्यांची पेटी उचलून गाडीत घालीन आणि माझ्या खोलीत उजेडाची बाजू त्यांना देईन. कोणी विचारलं, या कोण, तर खोकणार नाही. आणि त्यांना हाक मारीन, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशी, माय म्हणून.

तुमचा भाऊ,
मधुकर